मॉरिशस पुन्हा एकदा : शांत किनाऱ्यावरील गावांकडे

परदेशप्रवासाच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत चांगलीच रुजलेली आहे. एखादा देश एकदा पाहून झाला, की तो यादीतून वगळायचा आणि पुढच्या खेपेस दुसरा निवडायचा. पैसा आणि रजा ह्या दोन्ही गोष्टी मोजून-मापून खर्च कराव्या लागत असल्याने ही समजूत अगदीच अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि काही देश असे असतात, की त्यांची पहिली भेट ही केवळ तोंडओळख ठरते. हिंदी महासागरातील मॉरिशस हा छोटासा देश त्यांपैकीच एक होय.

बंगळूरमधील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर ह्या बेटाचे महत्त्व आणखी वेगळे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या ह्या शहराला समुद्राचा शेजार नाही. मंगळूर असो वा चेन्नई, किनारा गाठायचा म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास आलाच. साहजिकच समुद्राची ओढ इथल्या माणसाला अंमळ अधिक असते. शिवाय घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड हा त्याचा नित्याचा अनुभव. परभाषेच्या सहवासात राहून आपली भाषा व सणवार जपणे म्हणजे काय, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यावर त्याला हीच कहाणी अधिक दीर्घ आणि अधिक खडतर रूपात भेटते.

पहिल्या सहलीत राहून गेलेले

पाच रात्री व सहा दिवसांची ठरीव सहल कशी असते, ते बहुतेकांना ठाऊक आहे. विमानतळावरून थेट उत्तरेकडील ग्राँ बे किंवा पूर्व किनाऱ्यावरील एखादे मोठे विश्रामस्थान गाठायचे. एक दिवस राजधानी पोर्ट लुई, एक दिवस गंगा तलाव व शामारेलची सप्तरंगी माती, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावरील जलक्रीडा. उरलेला वेळ हॉटेलच्या आवारात. ह्यात आनंद नाही असे नाही. नवविवाहितांना वा लहान मुले बरोबर असणाऱ्यांना अशी सहल सोयीचीच असते. परंतु त्यात भेटतो तो मुख्यत्वे पर्यटकांसाठी सजविलेला किनारा. मासेमारी, ऊसशेती आणि आठवड्याच्या बाजारावर चालणारी किनाऱ्यावरील गावे बसच्या काचेआडूनच मागे पडतात.

वस्तुतः हे मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर एवढेच आहे. बेटाच्या बहुतेक भागाला प्रवाळाच्या रांगांचे कडे असून त्यांच्या आतील पाणी उथळ व संथ असते. अंतरे इतकी थोडी असल्यामुळे दोन-तीन गावी मुक्काम करूनही सारे बेट आटोक्यात येते. दुसऱ्या सहलीची आखणी ह्याच सूत्रावर करावी : ठिकाणे कमी, मुक्काम अधिक.

माएबूर : इतिहासाचा किनारा

दुसऱ्या सहलीचा पहिला मुक्काम आग्नेय किनाऱ्यावरील माएबूर येथे करणे सर्वांत श्रेयस्कर. देशाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ह्या गावापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. गंमत अशी, की विमानातून उतरणारे बहुसंख्य पर्यटक ह्याच गावाकडे पाठ फिरवून दूरच्या किनाऱ्याकडे निघून जातात.

१७३५ ते १७४६ ह्या काळात बेटाचा कारभार पाहणारे फ्रेंच गव्हर्नर माए द ला बूर्दोने ह्यांच्या नावावरून ह्या गावाचे नाव पडले. ह्याच परिसरात १५९८ मध्ये डच प्रथम उतरले. १७१० मध्ये त्यांनी बेट सोडले आणि पुढे ते फ्रेंचांच्या ताब्यात आले. ऑगस्ट १८१० मध्ये येथील ग्राँ पोर्टच्या उपसागरात इंग्रज व फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली. फ्रेंचांनी ती जिंकली आणि पॅरिसच्या विजयकमानीवर ह्या नाविक विजयाचे नाव कोरले गेले. मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रजांनी संपूर्ण बेट घेतले. गावातील राष्ट्रीय इतिहास संग्रहालय ज्या जुन्या फ्रेंच वाड्यात आहे, त्याच वाड्यात ह्या लढाईत जखमी झालेल्या दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांवर, म्हणजे इंग्रजांचे विलोबी आणि फ्रेंचांचे द्युपेरे ह्यांच्यावर, उपचार करण्यात आले होते. शत्रू म्हणून लढलेले दोघे एकाच छपराखाली बरे झाले, ही हकिगत त्या वाड्यात उभे राहून ऐकण्याची गोडी काही और.

माएबूरला सोमवारी पोहोचता आले तर उत्तम. कारण त्या दिवशी येथे मोठा बाजार भरतो. भाजीपाला, कापडचोपड, मसाले आणि खाद्यपदार्थ ह्यांनी रस्ते फुलून जातात. इथली 'धोल पुरी' हातात घेतली, की मराठी माणसाला पुरणपोळीची आठवण व्हावी. मात्र हरभऱ्याच्या डाळीचे हे सारण गोड नसते आणि ती रस्सा व चटणीबरोबर खातात. 'गातो पिमां' ह्या भारदस्त फ्रेंच नावाचा पदार्थ म्हणजे आपला डाळवडाच होय. कसाव्याच्या कंदापासून बिस्किटे बनविणारा रो कुटुंबाचा कारखानाही माएबूरचाच. तो १८७० मध्ये सुरू झाला.

किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत इल ओ एग्रेत हे प्रवाळाचे लहानसे बेट आहे. १९६५ पासून ते संरक्षित आहे. मॉरिशसच्या मूळ अरण्याचा एक तुकडा आणि गुलाबी कबुतरासारखे दुर्मीळ पक्षी येथे जपलेले आहेत. १९९०च्या सुमारास रानात ह्या कबुतरांची संख्या दहाच्या आसपास उरली होती. आज ती काही शेकड्यांवर गेली आहे. डोडो पक्ष्याला कायमचे गमावलेल्या देशाने हे कबुतर वाचविले, ही गोष्ट मुलांना व नातवंडांना आवर्जून दाखविण्यासारखी आहे. बेटावर केवळ मार्गदर्शकासोबतच जाता येते, म्हणून आधी नोंदणी करावी.

ह्या किनाऱ्याने अलीकडे एक मोठे संकट सोसले. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळावर चढून रुतले आणि ६ ऑगस्टपासून त्यातील सुमारे एक हजार टन इंधनतेल समुद्रात पसरू लागले. तेव्हा गावोगावचे लोक स्वतः होऊन किनाऱ्यावर धावले. उसाचा पाचोळा कापडात भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडविण्याची शर्थ केली. करोनाच्या साथीमुळे पर्यटन ठप्प असतानाच हे अरिष्ट कोसळल्याने मच्छीमार, नावाडी आणि छोटी निवासगृहे चालविणारी कुटुंबे दुहेरी अडचणीत सापडली. अशा गावात चार रात्री राहून तेथील नावाड्याची नाव, तेथील गृहिणीची खोली आणि तेथील बाजारातील जिन्नस घेतले, तर आपला पैसा थेट त्या माणसांच्या हाती पडतो. दुसऱ्या सहलीचे हे समाधान कोणत्याही विश्रामस्थानात विकत मिळत नाही.

सुयाक : दक्षिणेचा खुला समुद्र

माएबूरहून पश्चिमेकडे उसाच्या मळ्यांमधून गेले, की दक्षिण टोकाला सुयाक हे निवांत गाव लागते. १७७९ ते १७८७ ह्या काळातील फ्रेंच गव्हर्नर व्हिकोंत द सुयाक ह्यांच्या नावाने ते ओळखले जाते. एकेकाळी ह्या बंदरातून साखर जहाजांवर चढवून पोर्ट लुईला नेत असत. आज येथे गजबज नाही आणि तेच येथे येण्याचे कारण.

गावाजवळील ग्री-ग्री येथे प्रवाळाचे कडे तुटलेले असल्यामुळे महासागराच्या लाटा थेट काळ्या खडकांवर आदळतात. उत्तरेकडील निळे संथ पाणी पाहिलेल्यांना हे रौद्र रूप पाहून आपण त्याच बेटावर आहोत ना, असा प्रश्न पडावा. येथे पोहणे धोक्याचे आहे, हे मात्र कदापि विसरू नये. कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट (१८९१–१९५४) ह्यांचे किनाऱ्यावरील प्रवाळी दगडाचे घर आता संग्रहालय झाले आहे. संध्याकाळी त्या परिसरात नुसते बसून राहिले, तरी दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते.

ईशान्येकडील पूद्र दॉर हेही असेच एक लहान मच्छीमार गाव. ऑगस्ट १७४४ मध्ये 'सें-जेरां' हे फ्रेंच जहाज ह्याच किनाऱ्यासमोर फुटले. ह्या दुर्घटनेच्या आधारे बेर्नार्दां द सें-प्येर ह्यांनी लिहिलेली 'पॉल ए व्हिर्जिनी' ही कादंबरी १७८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने मॉरिशसचे नाव युरोपभर नेले. हे गाव दिवसभराच्या फेरीत पाहून होते. तेथे मुक्कामाची आवश्यकता नाही.

पश्चिम किनारा आणि आपली माणसे

शेवटचे तीन दिवस पश्चिमेसाठी राखून ठेवावेत. तामारँ, रिव्हिएर न्वार आणि ला गोलेत ही गावे येथे एकामागोमाग एक येतात. तामारँची जुनी मिठागरे पाहताना कोकणातील वा मुंबईच्या उपनगरांतील मिठागरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दक्षिणेला समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न हा कडा दिसतो. पळून आलेले गुलाम ह्या कड्याच्या आश्रयाने राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपुष्टात आली. तो दिवस आजही तेथे सार्वजनिक सुटीचा आहे. २००८ मध्ये युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गुलामगिरी संपण्याच्या सुमारासच उसाच्या मळ्यांना नवे मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने आलेल्या भारतीय मजुरांपासून करारबद्ध मजुरीचे पर्व सुरू झाले आणि पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाखांहून अधिक भारतीय येथे उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट ह्या इतिहासाची साक्ष देतो. २००६ मध्ये तोही जागतिक वारसा ठरला. बिहार व तमिळ प्रदेशातील मजुरांप्रमाणेच मुंबई बंदरातून कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील मराठी माणसेही येथे आली. त्यांचे वंशज आज वाकोआ, हेन्रिएटा, कास्कावेल अशा गावांत आणि रिव्हिएर न्वारच्या परिसरात मोठ्या संख्येने राहतात.

त्यांच्या घरात आता बहुतांशी क्रिओल बोलली जाते. तरीही ते स्वतःला अभिमानाने मराठी म्हणवितात. शाळांतून मराठी हा विषय शिकता येतो. मोका येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते आणि स्थलांतरित मजुरांच्या जुन्या नोंदवह्याही तेथे जतन केल्या आहेत. कोकणातील जाखडी नृत्य तेथे 'झाकरी' म्हणून टिकून आहे. १८९६ पासून तेथे गणेशोत्सवाची परंपरा सांगितली जाते आणि गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या कार्यक्रमांना जाणाऱ्या बंगळूरकराने एखाद्या वर्षी हा उत्सव मॉरिशसच्या किनाऱ्यावर पाहावा. शब्द अडतील, परंतु आरतीची चाल अडणार नाही. भाषा कितीही पातळ झाली, तरी आपलेपणा कशाच्या बळावर टिकतो, ह्याचे उत्तर शोधण्यास ह्याहून योग्य जागा विरळाच. तेथील माणसांपाशी मात्र पाहुण्याच्या मर्यादेने जावे. 'तुमचे मराठी किती राहिले?' अशी परीक्षा घेण्यापेक्षा आपल्या आजी-आजोबांची एखादी गोष्ट सांगावी आणि त्यांची ऐकावी.

केव्हा जावे?

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू उलटे असतात. मे ते ऑक्टोबर हा थंड व तुलनेने कोरडा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण व पावसाळी. जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत चक्रीवादळांचा धोका अधिक असतो, म्हणून ते टाळणे इष्ट. जून ते सप्टेंबर ह्या काळात आग्नेयेकडून वारे जोरात वाहतात. त्यामुळे माएबूर व सुयाकचा किनारा बोचरा वाटतो, तर पश्चिम किनारा शांत असतो. म्हणून आग्नेय किनारा मुख्य हेतू असेल, तर एप्रिलची अखेर, मे किंवा ऑक्टोबर–नोव्हेंबर निवडावा. गणेशोत्सवासाठी जाणार असाल, तर पश्चिमेकडे अधिक दिवस ठेवावेत आणि एक उबदार कपडा अवश्य घ्यावा.

बंगळूरहून मुंबईमार्गे जाणे हा रुळलेला मार्ग आहे. मुंबईहून विमानप्रवास साधारण सहा-साडेसहा तासांचा होतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने झोपेची फारशी ओढाताण होत नाही. माएबूरला चार, सुयाक परिसरात दोन आणि पश्चिमेस तीन अशा नऊ रात्रींची आखणी पुरेशी ठरते. बेटावर सार्वजनिक बसची सोय चांगली आहे. मात्र संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होतात, हे ध्यानी ठेवावे. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. खाडीतील उथळ पाण्यात उतरतानाही पायांत जुने बूट असावेत. प्रवाळाने पाय कापतो आणि दगडमाशासारखे विषारी मासे तळाशी लपलेले असतात. ज्येष्ठांनी औषधांचा पूर्ण साठा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रवास विमा ह्यांत कुचराई करू नये.

पैशाचे नियोजन

दुसऱ्या सहलीचा मोठा लाभ असा, की आपल्याला काय हवे आणि काय नको, हे आधीच कळलेले असते. पंचतारांकित निवास व जलक्रीडा वगळल्या, की तोच पैसा अधिक रात्रींसाठी वापरता येतो. ह्यासाठी दोन वर्षांची आवर्ती ठेव हा साधा व शिस्तीचा मार्ग आहे. पतिपत्नींनी दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये बाजूला टाकले, तर २४ महिन्यांत २,४०,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. ठेवीची मुदत प्रवासाच्या तीन-चार महिने आधी पूर्ण होईल अशी बेतावी, म्हणजे विमानाची तिकिटे वेळेवर काढता येतात.

परकीय चलनाचे काही नियम ठाऊक असावेत. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता वा नेता येते. मॉरिशससारख्या देशाच्या प्रत्येक भेटीत त्यातील ३,००० डॉलरपर्यंतच रक्कम नोटांच्या रूपात नेता येते. उरलेली प्रवासी कार्डावर ठेवावी. परतल्यावर शिल्लक राहिलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेकडे जमा करावे. २,००० डॉलरपर्यंत रक्कम जवळ ठेवण्यास मुभा आहे. सहल कंपनीमार्फत गेल्यास उगमस्थानी कर गोळा केला जातो. तो विवरणपत्र भरताना आपल्या प्राप्तिकरात जमेस धरला जातो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी. अलीकडच्या अर्थसंकल्पांत ह्या कराचे दर बदलले आहेत. निघण्यापूर्वी शाखेत चौकशी करणे हितावह.

आपल्या कार्डाचा परदेशातील वापर सुरू करून घेतल्याशिवाय ते तेथे चालत नाही. पैसे देताना यंत्राने 'भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात?' असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. अन्यथा रूपांतराचा महागडा दर पदरी पडण्याचा संभव असतो. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये भारताची यूपीआय सेवा सुरू झाली असून रुपे कार्डाची सोयही झाली आहे. परंतु सोमवारच्या बाजारातील भाजीवालीकडे आणि नावाड्याकडे रोकडच उपयोगी पडते. मॉरिशसचा रुपया आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉलर वा युरो नेऊन तेथे बदलून घ्यावेत.

त्या नोटा हातात आल्यावर जरा निरखून पाहाव्यात. त्यांवर इंग्रजी, तमिळ व हिंदी अशा तीन भाषा दिसतील. १९९८ मध्ये ह्या भाषांचा क्रम बदलून हिंदी आधी व तमिळ नंतर छापली गेली, तेव्हा तमिळ समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. दूरदेशी आलेल्या मजुरांच्या वंशजांना आपली भाषा किती मोलाची वाटते, हे बँकेच्या एका नोटेने सांगावे, ही आम्हां बँकेशी निगडित मंडळींना विशेष वाटणारी गोष्ट आहे.

वाचकहो, नवा देश पाहण्याची उमेद प्रत्येकाने अवश्य बाळगावी. त्याबरोबरच, ज्या देशात एकदा पाहुणे म्हणून राहून आलात, तेथील एखाद्या लहान गावाची ओळख करून घेण्यासाठी पुन्हा जाण्याचाही विचार व्हावा. त्यासाठी लागते थोडी बचत, थोडी माहिती आणि पुष्कळशी सवड. यंदा आवर्ती ठेवीचा अर्ज भरताना 'प्रयोजन' ह्या शब्दापाशी क्षणभर थांबून मनातल्या मनात 'माएबूर' असे लिहून पाहावे. आपला प्रवास सुखाचा होवो.